नवव्या हिरवळीवरची पाहुणी

१

नवव्या हिरवळीवरचं गवत मेलं होतं, आणि फार नीटनेटकं मेलं होतं.

गवत कशानं मेलं ते शोधायला आलेल्या प्रतीक्षाला पहिल्यांदा खटकलं ते हेच. वाळवी, बुरशी, पाण्याची ओढ, यांतलं काहीही लागलं तरी गवत वेडंवाकडं जातं. इथं मात्र कंपासनं आखावा तसा गोल होता. गोलाच्या आत तांबूस करडं, मेलेलं गवत. गोलाबाहेर गव्हाळ पिवळं, पण जिवंत.

माकणीच्या धरणापासून हाकेच्या अंतरावर अमरसिंहांनी अकरा वर्षांपूर्वी हे नऊ भोकांचं गोल्फ मैदान केलं होतं. चेंडू शेवटी ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवती गालिच्यासारखा कापलेला गवताचा तुकडा असतो. मैदानावरची माणसं त्याला हिरवळ म्हणत. साऱ्या मैदानावर हरळीच्या जातीचं गवत होतं. ते उन्हाळ्या-पावसाळ्यात माजतं आणि थंडी पडली की पिवळं होऊन झोपी जातं. यंदा पहिल्यांदाच नवव्या हिरवळीवर त्या हरळीतच थंडीचं गवत, म्हणजे रायग्रास पेरलं होतं. डिसेंबरात सगळं मैदान पिवळं आणि हा एकच तुकडा पोपटी. बघायला पुण्या-सोलापूरहून पाहुणे येणार होते, चार जानेवारीला सामना ठरला होता. बावीस डिसेंबरला गवताची टोकं पिवळी पडली आणि नववर्षाला सगळं संपलं.

"सामना रद्द केला," अमरसिंह म्हणाले. "तोंड दाखवायला जागा ठेवली नाही म्हाताऱ्यानं."

"म्हातारा म्हणजे?"

"हणमंतप्पा. आमचा जुना माळी. वेळ अमावस्येला सगळ्यांच्या देखत ह्या गवतावर आंबील शिंपडलं त्यानं. एकोणीस तारखेला आंबील, बावीसला गवत पिवळं. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

वेळ अमावस्येला इकडे गावं ओस पडतात. जो तो आपल्या रानात जातो, कडब्याची खोप करतो, पूजा मांडतो, भज्जी-भाकरी खातो आणि ताकाचं आंबील पिकावर शिंपडतो. हणमंतप्पांना स्वतःचं रान नव्हतं. नववी हिरवळ हेच त्यांचं रान.

"आंबिलानं गवत मरत नसतं, साहेब."

"मग आंबिलात काय कालवलं होतं ते शोधा. निकिता मॅडम मैदानाचं गवत सांभाळायला आल्यापासून त्याचं पोट दुखतंय. महिनाअखेर त्याला खोली रिकामी करायला सांगितलीय. तोवर तुमचा अहवाल द्या."

निकिता. प्रतीक्षानं वही उघडली ती उगीचच. मेलेल्या गोलाच्या पूर्वेच्या उतारावर तीन हिरव्या पट्ट्या वाचल्या होत्या, वितीएवढ्या रुंद, जिभेसारख्या खाली लांबलेल्या. तिनं त्या वहीत जशाच्या तशा काढल्या. मग मान वर केली, तर समोरून गमबूट घातलेली, टोपीतली, सोळा वर्षांत जराही न थकलेली निकिता हसत येत होती.

२

परभणीला दोघी एका वर्गात होत्या. परदेशी जाण्याची शिष्यवृत्ती एकच होती आणि निकिताला दोन गुण जास्त मिळाले. तेवढ्या दोन गुणांत निकिता गवताचं शास्त्र शिकायला सातासमुद्रापार गेली आणि प्रतीक्षा कळंबला अकरावीच्या मुलांना पानाचा आडवा छेद शिकवायला. हे दोन गुण प्रतीक्षानं कधी कुणाजवळ काढले नव्हते. दाढेत अडकलेल्या तुसासारखे ते जिभेला रोज लागत.

"अगं, किती वाळलीस!" निकिता म्हणाली. "जेवतेस की नाही?"

"जेवते की. तू मात्र तशीच आहेस."

"उन्हानं काळी झाले बघ." आणि ती मोकळं हसली. तेही प्रतीक्षाला आवडलं नाही.

औषधांच्या खोलीत पाठीवर घ्यायचे तीन फवारणी पंप होते. दोन ओशट, धुळीनं माखलेले. तिसरा मात्र लख्ख धुतलेला आणि खुंटीला उलटा टांगलेला. कपाटात तणनाशकाचा डबा होता, त्यातलं बोटभर कमी झालेलं.

"हे मी उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या गाजरगवतासाठी आणलं होतं," निकिता म्हणाली. "तेव्हाच वापरलं असेल तेवढं. नोंद नाही ठेवली, माझी चूक."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक हणमंतप्पांकडे. तो उलटा पंप आप्पांचा."

"तुला कुणाचा संशय?"

निकितानं टोपी काढली, केस मागं सारले. "मला वाटतं आप्पा नाहीत. ते ह्या गवताला पाहुणी म्हणतात, माहितीय? पाहुणीला कोण विष घालील?"

"पाहुणीचा राग येणारं कुणीतरी असेलच," प्रतीक्षा म्हणाली. स्वतःच्या आवाजातली धार तिची तिलाच ऐकू आली.

३

गवत कापायचं यंत्र बिभीषण चालवायचा. तिशीचा गडी, बोलायला मोकळा. यंत्राच्या सीटवर बसल्या बसल्याच त्यानं जबाब दिला.

"मॅडम, म्या कुणाचं नाव घेनार न्हाय. पर मालकाला उलटं समजलंय बघा. आप्पाला निकिता मॅडमचा राग न्हाय, मॅडमला आप्पाचा आसंल."

"तो का?"

"आठव्या हिरवळीवर मॅडमनी मशीननं बी पेरलं. उगवलंच न्हाय. नवव्यावर आप्पानी हातानं फेकलं, ते असलं उगवलं की बघत ऱ्हावं. मालक सगळ्यांच्या म्होरं म्हनले, मॅडम, जरा आप्पाकडून शिका. आन मग पुन्याचं मोठं मैदान बघायला नेलं कुनाला? आप्पाला. मॅडमला न्हाय, मला न्हाय. मशीन कोन चालवतंय? मी. पुन्याला कोन? आप्पा."

"म्हणजे राग तुलापण आला."

"आला की! आठ दिस कुनाशी बोललो न्हाय. पर गवतानं माजं काय घोडं मारलंय?" तो हसला, मग डोकं खाजवलं. "खरं सांगू का, आप्पा सोळाला पुन्याहून आले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ नंबरवर मशीन फिरवली तर कापल्या गवताची पेटी अर्धीबी भरंना. आधी रोज काठोकाठ भरायची. म्या म्हनलं, थंडी लई हाय, गारठलं आसंल गवत."

प्रतीक्षानं ते वाक्य वहीत उतरवलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

अमरसिंहांचा धाकटा भाऊ कृष्णराज फाटकाशीच भेटला. जीपला टेकून तो शेंगा सोलत होता.

"ताई, मी म्हणत होतो इथं द्राक्ष लावू. दादाला गवत लावायचं होतं. आता बसा गवत चघळत."

"म्हणजे तुम्हाला आनंदच झाला असेल."

"झाला थोडा. लपवतो कशाला? पण डिसेंबरात नऊ ते सोळा गाडी मीच चालवत होतो. मागं दादा आणि आप्पा, जाताना येताना गवत, गवत आणि गवत. सख्खा भाऊ मी, पण दादा कधी माझ्याशी इतका बोलला नाही." त्यानं टरफलं लांब फेकली. "तुम्ही त्या म्हातारीला भेटलात का? आप्पाच्या बायकोला? नाही? भेटा. चहा चांगला करते."

४

हणमंतप्पा डांबरी रस्ता झाडत होते. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही असा मालकाचा हुकूम होता. साठी ओलांडलेला, काटक माणूस. कपाळाला विभूती, पाय अनवाणी. पंजे फताडे आणि उजव्या पायाची करंगळी तुटलेली.

"आप्पा, आंबिलात काय होतं?"

"ताक, जोंधळ्याचं पीठ, लसूण, मीठ. आनिक काय असतंय?"

"मग मालकांना तसं ठणकावून का सांगत नाही?"

त्यांनी खराटा थांबवला. "सांगून काय व्हतंय मॅडम. माझ्याच हातानं गेलं समजा."

प्रतीक्षा त्यांच्याकडे पाहत राहिली. खोटा आळ आला की माणूस चिडतो, रडतो, देवाची आण घेतो. हा माणूस नुसता झाडत होता. तो खोटं बोलत नव्हता, पण काहीतरी मुठीत घट्ट धरून होता.

नवव्या हिरवळीच्या पूर्वेला, साठ-सत्तर पावलांवर त्यांची खोली होती. दाराशी नळ, नळाखाली पितळी घागर. शरणम्मानं पाट दिला, चहा टाकला. ती आळंदची, कर्नाटकातली. मराठीत मधूनच माहेरचा हेल यायचा. फळीवर धुतलेली भांडी ओळीनं उपडी घातलेली. भिंतीला कानडी लग्नपत्रिका चिकटवलेली होती. प्रतीक्षाला कानडी येत नव्हतं, आकडे तेवढे कळले: ११-१२. पत्रिकेखाली पत्र्याच्या पेटीवर इरकल लुगडं होतं. घडीची टाचणीसुद्धा निघालेली नव्हती.

"कुणाचं लग्न, मावशी?"

"भावाच्या लेकीचं. झालं." तिनं चहा गाळला.

"आप्पा पहाटे उठून दव झाडायला जायचे म्हणे?"

"काठी घेऊन. दव बसलं की बुरशी लागती म्हणं." शरणम्मा हसली. हसू ओठांवरच राहिलं. "पाहुणीला बुरशी लागू नये म्हणून पहाटं चारला उठायचं. घरात मानूस तापानं फणफणू दे की. हात लावून बगायचे तिला, ऊन लागलं का, गार लागलं का."

"तुम्हाला नाही आवडली पाहुणी?"

"माझ्या आवडीचं कुनी इचारलंय?" ती बशी पुसू लागली. पुसलेलीच बशी पुन्हा पुसली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, मेलेलं गवत परत येतं का हो?"

५

कळंबला परतताना प्रतीक्षानं मैदानावरच्या वाफ्यात राखून ठेवलेलं रायग्रास मागून घेतलं, मातीच्या गड्ड्यांसकट. घरी तीन ताटल्या मांडल्या. पहिलीत तिनं स्वतः केलेलं आंबील ओतलं. आई दारातून म्हणाली, "गवताला नैवेद्य दाखवतेस की काय?" दुसरी आणि तिसरी ताटली तिनं तणनाशकानं सारखीच भिजवली. दुसरी बंबाशेजारी उबेला ठेवली, तिसरी गच्चीवर गारठ्यात. रोज सकाळी थर्मामीटर बघायचा आणि वहीत लिहायचं. गच्चीवर नऊ अंश. साडेआठ. नऊ.

आंबिलाच्या ताटलीला दोन दिवस मुंग्या लागल्या आणि मग गवत अधिकच तरारलं. बंबाजवळचं गवत पाचव्या दिवशी पिवळं पडलं. गच्चीवरचं काही पडेना. सात दिवस, आठ, नऊ. वाढ मात्र पाचव्या-सहाव्या दिवशीच थांबली होती. तिनं पट्टीनं मोजलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी गच्चीवरच्या पात्यांची टोकं पिवळी झाली.

प्रतीक्षा गच्चीच्या पायरीवर बसली. थंडीचं गवत थंडीनं गारठत नाही, उलट खुलतं. मग सतरा डिसेंबरला बिभीषणची पेटी अर्धी का राहिली? कारण गवत तेव्हाच आतून मरत होतं. विष उन्हाळ्यात धावतं, हिवाळ्यात रांगतं. सगळ्यांनी पिवळेपण पाहिलं आणि मागं तीनच दिवस मोजले. मोजायचे होते अकरा. बावीसमधून अकरा गेले, अकरा डिसेंबर.

त्या दिवशी हणमंतप्पा पुण्यात होते, खुद्द मालकाच्या गाडीतून गेलेले.

मग उरल्या दोन किल्ल्या, आणि त्यातली एक निकिताकडे. आठवी हिरवळ फसली होती, सर्वांदेखत अपमान झाला होता, पुणे हुकलं होतं. प्रतीक्षानं कागद पुढं ओढला आणि लिहायला लागली. 'सदर दिवशी हणमंतप्पा हजर नसल्याने, ज्या एकाच व्यक्तीकडे किल्ली होती ती व्यक्ती म्हणजे...' पान भरलं. एरवी ती एकेक वाक्य तीनदा खोडायची. आज हात कुठंच अडला नाही. सोळा वर्षं तुंबलेलं पाणी वाट मिळाल्यासारखं वाहत होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

तिनं कागद घडी करून वहीत ठेवला. मग जिभेसारख्या हिरव्या पट्ट्यांचं चित्र काढलं आणि बराच वेळ बघत बसली. ती रेखीव कडाही तिला आता वेगळीच दिसू लागली. फवारणाऱ्याला कुठं कड राखता येते? वारा असतो, पंप गळतो. विष बाहेरच्या हरळीवरही पडलंच असणार. ती झोपेत होती म्हणून काही दिसलं नाही, इतकंच.

तिनं अमरसिंहांना फोन लावला.

"आंबिलानं गवत मरत नाही, हे मी ताटलीत पाहिलंय. आप्पांना एवढ्यात काढू नका. महाशिवरात्रीनंतर आठ-दहा दिवसांनी मी येते."

"तेव्हा काय होणार आहे?"

"साक्षीदार झोपलाय, साहेब. ऊन तापलं की जागा होईल."

तारखेचं ती काही बोलली नाही. बोलली असती तर सगळा संशय निकितावर गेला असता, आणि स्वतःच्या हातावर तिचा आता विश्वास उरला नव्हता. त्यापायी आप्पा आणखी सहा आठवडे रस्ता झाडणार होते. तेही तिनं वहीत लिहून ठेवलं.

६

फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चटचट लागायला लागलं. पहाटेची एसटी पकडून प्रतीक्षा मैदानावर पोहोचली तेव्हा सगळी हरळी जागी झाली होती. जिकडं पाहावं तिकडं कोवळी, दाट हिरवाई. पाणी सुरूच होतं, आणि उन्हानं तिला उठवलं होतं.

नवव्या हिरवळीच्या मेलेल्या गोलातही खालून हरळी डोकं काढत होती, विरळ आणि उशिरा. पण गोलाची कड आता रेखीव नव्हती. बाहेरच्या हिरव्या हरळीवर पिवळे शिंतोडे उठून दिसत होते, दीड-दोन हात लांबपर्यंत, हिसका बसल्यासारखे. नवख्या, रागावलेल्या हाताचं काम.

आणि त्या शिंतोड्यांतून पावलं निघाली होती.

पिवळी, न उठलेली पावलं. टाच, चवडा, पाच बोटं. विषानं भिजलेला अनवाणी पाय जिथं जिथं टेकला, तिथली हरळी अजून झोपेतच होती. इकडची थंडी अर्धवट असते. ती हरळीला पुरती झोपवत नाही, नुसती पेंगवते, आणि पेंगतं गवत थोडंसं विष पितंच. प्रतीक्षानं गुडघे टेकून एक पाऊल मोजलं. एक वीत आणि दोन बोटं. बोटं पाचही शाबूत.

पावलं पूर्वेला चालली होती. ती मागोमाग गेली. वीस पावलं, तीस, चाळीस. मग तिला दिसलं की ही एक रांग नाही. ठळक पावलांच्या शेजारून पुसट पावलं परत हिरवळीकडे येत होती, पुन्हा जात होती, पुन्हा येत होती, दर खेपेला अधिक फिकट. जाण्यायेण्याची एक वाटच पडली होती.

वाट नळाशी संपत होती.

पाठीमागून निकिताचा आवाज आला. "बघितलंस? मी चार दिवस रोज बघतेय. कुणाला बोलले नाही." ती जवळ येऊन उभी राहिली. "तू येईपर्यंत थांबायचं ठरवलं. मालकांना तुझं नाव मीच सुचवलं होतं ना. आपल्या वर्गात तुझ्याइतकं बारीक बघणारं कुणी नव्हतं. परीक्षेत मला जास्त पडले, पण प्रयोगवही मी तुझीच बघून लिहायचे."

प्रतीक्षानं तिच्या पायांकडे पाहिलं. गमबूट. मग काखेतली वही घट्ट धरली. तिच्यात तो घडी केलेला कागद अजून होता.

७

दुपारी नवव्या हिरवळीवर सगळे जमले. अमरसिंह, कृष्णराज, बिभीषण, निकिता. आप्पा रस्त्याच्या कडेलाच उभे होते. अमरसिंहांनी हात केला तेव्हा आत आले.

प्रतीक्षानं आधी तीन ताटल्यांची हकिकत सांगितली. मग यंत्राच्या अर्ध्या पेटीची. मग तारीख.

"अकरा डिसेंबर?" अमरसिंहांचं तोंड उघडंच राहिलं. "तेव्हा तर आप्पा..."

"तुमच्या शेजारी बसले होते. तुम्हीच त्यांचे साक्षीदार, साहेब."

"रस्ताभर डोकं खाल्लं माझं, मीपण साक्षीदार," कृष्णराज म्हणाला.

"आप्पांना ही तारीख आधीच कळली होती," प्रतीक्षा पुढं म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं माती हाताळणारा माणूस आहे. पेटी अर्धी भरली तेव्हाच त्यांनी ओळखलं असेल. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. पण ते बोलले नाहीत. मी पुण्यात होतो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, की तुमची किल्ली कुठं होती?"

आप्पा खाली बघत होते. "मॅडम," ते हळू म्हणाले, "हितंच थांबा. म्या जातो खोली सोडून. म्या पंप कवा उलटा टांगत न्हाय. तो उलटा टांगलेला म्या बगितला, तितकं पुरं हाय."

प्रतीक्षा थांबली. तिच्या तोंडात नाव होतं, पण ते बाहेर काढवेना. ती म्हणाली, "ज्यानं हे केलं त्याच्याबद्दल ह्या पावलांनी आणखी एक गोष्ट सांगितलीय. ह्या तीन पट्ट्या बघा. इथं गवत वाचलं, कारण इथं लगेच पाणी ओतलं गेलं. फवारल्यावर अर्ध्या तासाच्या आत. पाणी उताराला वाहिलं म्हणून पट्ट्या अशा लांबल्या. नळापासून इथपर्यंत निदान सात खेपा झाल्यात. विष घालून झाल्याबरोबर कुणीतरी घागरीमागून घागर आणून ते धुवत होतं."

मग खोलीचं दार वाजलं.

शरणम्मा त्या पिवळ्या वाटेनंच चालत आली. हिरवळीच्या कडेला आली, लुगडं घोट्यावर धरलं आणि एका ठळक पावलावर आपलं पाऊल ठेवलं. नखाएवढाही फरक नव्हता.

"मोजा," ती म्हणाली. "माझंच हाय."

"शरणे!" आप्पा पुढं झाले.

"गप्प बसा तुमी. अडतीस वर्षं गप्प बसले मी, आता तुमी बसा." ती अमरसिंहांकडे वळली. "मालक, माझ्या भावाची एकच लेक. अकरा तारखेला लगीन. दोन महिने आदी लुगडं घेतलं. हे म्हणाले, येता यायचं न्हाय, पाहुणी कवळी हाय, तिला सोडून कसं येऊ? म्या म्हनलं, बरं. एकली कशी जाऊ? लोक इचारतात, नवरा कुठं. ऱ्हायले मी. आन नऊ तारखेला तुमची गाडी आली तर हे टोपी घालून तयार. पुन्याला! गवतच बगायला! तवा पाहुणीला कोन सांभाळनार होतं? तवा न्हाय आठवलं?"

अमरसिंह पायाखालचं गवत बघू लागले.

"अकराला दोपारी सगळे बाजारला गेले. तिकडं अक्षता पडत असतील आन हितं मी दाराशी. समोर ही, हिरवीगार, नवरीसारखी. किल्ली खुंटीला हुती. उसावर फवारलंय मी लई वर्षं, पर त्या दिशी रागानं हात आवरला न्हाय. सगळं मारून झालं आन मग..." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मग आठवलं, हे आले की पैला हात हिलाच लावत्याल. घागरी आणल्या. जमंल तितक्या आणल्या. पुरं पडलं न्हाय पानी."

आप्पांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "लुगडं नेसून ये."

"आं?"

"आळंदला जाऊ. पोरीला आहेर द्यायचा ऱ्हायलाय न्हवं?"

"आत्ता?"

"आत्ताच. मालक, आठ दिवस सुट्टी पायजे. मागून कामावर घ्यायचं का न्हाय ते तुमी ठरवा."

अमरसिंहांनी मान वर केली. मग कृष्णराजकडे वळून म्हणाले, "गाडी काढ. ह्यांना आळंदला सोडून ये." आणि आप्पांकडे न बघता, "आठ दिवसांनी या. पुढच्या दिवाळीला पेरणी तुमच्याच हातची. पण दरवर्षी सुट्टी घ्यायची. मला न विचारता."

"मी पुन्हा ड्रायव्हर," कृष्णराज पुटपुटला. पण किल्ली फिरवत गेला. बिभीषणही त्याच्यामागं गेला. जाता जाता त्यानं त्या वाटेवर आपला बूट पडू दिला नाही.

शरणम्मा खोलीकडे निघाली, मग थबकली आणि प्रतीक्षाजवळ आली. निकिता तिथंच, दोन हात अंतरावर उभी होती.

"बाई, त्या दिशी चहा पिताना तुमी माझ्याकडं असं बगितलंत, मला वाटलं हिला कळलं. एवढं कसं ओळखलंत?" ती प्रतीक्षाचा चेहरा निरखत होती. "तुमचाबी जीव जळतो व्हय कुनावर?"

प्रतीक्षानं वहीतला घडी केलेला कागद काढला. सोळा वर्षांत तिनं ज्याचं उत्तर कुणाला दिलं नव्हतं, तो प्रश्न एका म्हातारीनं भर उन्हात विचारला होता.

"व्हय," ती म्हणाली, आणि कागद निकितापुढं धरला. "वाच. मग तुला जे बोलायचं ते बोल."